घोडा, गवंडी आणि डिकीतली वही

माझे दाजी सीसीटीव्ही कॅमेरे बसवतात. कुणाच्या नोकरीत नाहीत, स्वतःचंच काम. सकाळी हडपसरहून त्यांची स्कूटर निघते ती कधी चाकणला, कधी पिरंगुटला, कधी थेट रांजणगावला. डिकीत ड्रिल मशीन, पायाशी वायरचं बंडल, पाठीवर बॅग. दुकान नाही, ऑफिस नाही.

मागच्या वर्षी रिटर्न भरायच्या वेळी सीएंचा फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. "पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, सगळं लावता येईल. पण यातलं धंद्याचं किती आणि घरचं किती, ते सांगा."

"सगळंच धंद्याचं," दाजी म्हणाले. "मी काय सिंहगडावर भजी खायला जातो का स्कूटर घेऊन?"

"जाता की," ताई आतून म्हणाली.

सगळे हसले, सीएसुद्धा. पण त्यांनी पुढे जे विचारलं त्याला दाजींकडे उत्तर नव्हतं. "बरं, घरातून पहिल्या साइटपर्यंत जाता, ते कामात धरायचं की कामावर जाण्यात?"

'कामात' आणि 'कामावर जाण्यात'. दोन शब्दांचा फरक. पण या फरकावर इंग्लंडमध्ये वकील भांडले, दाताचे डॉक्टर भांडले, दूधवाला भांडला, आणि एक गवंडी भांडून जिंकला. आपल्या कायद्यातले या प्रश्नाचे मूळ शब्द तिकडूनच आले आहेत. म्हणून ही गोष्ट सांगण्यासारखी वाटली.

घोडा पाळण्याचा खर्च

इन्कम टॅक्स ही युद्धाची देणगी आहे. फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून विल्यम पिट या पंतप्रधानांनी १७९९ मध्ये तो इंग्लंडात लावला. १८०२ मध्ये तह झाला तसा तो काढून टाकला. १८०३ मध्ये पुन्हा युद्ध, पुन्हा कर. नेपोलियन हरल्यावर १८१६ मध्ये तो परत गेला. लोकांना वाटलं, सुटलो. १८४२ मध्ये रॉबर्ट पील यांनी शांततेच्या काळातच तो पुन्हा आणला. वर्षाला १५० पौंडांच्या वर कमाई असेल तर पौंडामागे ७ पेन्स. तेव्हा एका पौंडात २४० पेन्स असत, म्हणजे जेमतेम ३ टक्के. हाही तात्पुरताच म्हणून आणला होता. तो अजून चालू आहे.

कर कमाईवर असतो, आणि कमाई म्हणजे हातात आलेली सगळी रक्कम नव्हे. ती मिळवायला जे खर्चलं ते वजा करून उरतं ती. इथपर्यंत वाद नाही. मग कोणता खर्च वजा करायचा? कायद्याने दोन प्रकारच्या माणसांसाठी दोन फूटपट्ट्या ठेवल्या.

पहिली नोकरदारांसाठी. १८५३ च्या कायद्यात असं होतं की, नोकरीचं कर्तव्य बजावताना करावा लागलेला प्रवास, किंवा ते कर्तव्य बजावता यावं म्हणून घोडा पाळण्याचा खर्च, एवढं वजा होईल. बाकी जे काही असेल ते 'संपूर्णपणे, केवळ आणि अपरिहार्यपणे' त्या कामासाठीच केलेलं असलं पाहिजे.

हो, घोडा. गावोगाव फिरणाऱ्या सरकारी माणसाची १८५३ मधली गाडी तीच होती. चारा म्हणजे पेट्रोल, नाल म्हणजे टायर. गंमत अशी की पुढे रेल्वे पसरली, मोटारी आल्या, विमानं आली, माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी कायद्यातला घोडा जागचा हलला नाही. १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेने प्राप्तिकराचा कायदा नव्याने एकत्र बांधला, त्यातही घोडा पाळण्याचा खर्च होता. तो बाहेर पडला नव्वदच्या दशकाच्या शेवटी.

दुसरी फूटपट्टी स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी. तिच्यात घोडा नव्हता आणि 'अपरिहार्यपणे' हा जाचक शब्दही नव्हता. खर्च 'संपूर्णपणे आणि केवळ' धंद्यासाठी झालेला असावा, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पण 'केवळ' हा शब्द दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

दुकानाच्या वर राहणारी माणसं

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची गोष्ट. लंडनमधले एक बॅरिस्टर शहराबाहेर बेडफर्डशायरमधल्या व्हिप्सनेड या खेड्यात राहायचे. त्यांचं चेंबर लंडनच्या लिंकन्स इन भागात. दिवसा चेंबर आणि कोर्ट, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी घरी बसून कागदपत्रं वाचायची. घरी कायद्याची पुस्तकं, अभ्यासाची खोली, सगळा जामानिमा. त्यांचं म्हणणं असं, की मी दोन्हीकडे काम करतो, तेव्हा घर ते चेंबर हा प्रवास कामाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याचा झाला. तो खर्च वजा करा.

१९५२ मध्ये अपील न्यायालयाने 'न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन' या खटल्यात नाही म्हणून सांगितलं. निकाल देणाऱ्या तिघांत एक होते न्यायमूर्ती डेनिंग. पुढे ते विसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले इंग्रज न्यायाधीश ठरले, साध्या, छोट्या वाक्यांत निकाल लिहिण्यासाठी. त्यांनी इथे इतिहासातून सुरुवात केली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: हा कर आला तेव्हा बहुतेक माणसं कामाच्या जागीच राहायची. दुकानदार दुकानाच्या वर, डॉक्टर दवाखान्याच्या वर, वकील चेंबरच्या वर किंवा चालत जाण्याएवढ्या अंतरावर. कामावर जाण्याचा खर्च नावाची गोष्टच नव्हती. नंतर वाहनं आली, माणसं लांब राहायला गेली. पण लांब राहणं ही घरची सोय. धंद्याचा मुक्काम चेंबरमध्ये आहे, आणि तिथून घरी जाणं-येणं हा संसाराचा खर्च.

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असायचं, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच पटेल. आपल्याकडेही कामावर जाण्याचा खर्च वाडा सोडल्यावरच सुरू झाला.

या निकालातून एक कल्पना पक्की झाली. प्रत्येक धंद्याला एक ठाणं असतं. ठाण्यावरून कामासाठी निघालात तर तो प्रवास धंद्याचा. घरून ठाण्यावर निघालात तर तुमचा तुमच्या पदरचा.

वकिलाचं ठाणं दिसतं, त्यावर पाटी असते. पण ज्याला पाटीच नाही त्याचं ठाणं कुठे?

ईस्टबोर्नचा गवंडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबोर्न नावाचं गाव आहे. तिथे एक गवंडी राहायचा. तीन जणांची टोळी आणि हा तिचा म्होरक्या. मोठ्या कॉन्ट्रॅक्टरकडून विटांचं काम अंगावर घ्यायचं, माल त्याचा, मजुरी यांची. आपल्याकडे याला पेटी कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. एका साइटवर दोन-तीन आठवडे, मग दुसरी साइट. एका वर्षात सात साइट्स झाल्या. कुठली घराजवळ, कुठली ५५ मैलांवर, म्हणजे जवळजवळ ९० किलोमीटर. सकाळी हा स्वतःची मोटार काढायचा, वाटेत दोघा जोडीदारांना घ्यायचा आणि साइट गाठायचा.

त्याने मोटारीचा खर्च वजा मागितला. कर अधिकारी म्हणाला, जिथे विटा रचतोस तीच तुझी कामाची जागा. घरून तिथे जाणं म्हणजे कामावर जाणं. वकिलाला दिलं नाही, तुला का द्यायचं?

'हॉर्टन विरुद्ध यंग' या नावाने हे प्रकरण वर गेलं. १९७१ मध्ये ते अपील न्यायालयात आलं तेव्हा समोर पुन्हा डेनिंगच होते, आता दिवाणी अपिलांचे मुख्य न्यायाधीश म्हणून. या वेळी निकाल उलटा लागला. ज्या माणसाची साइट दर दोन-तीन आठवड्यांनी बदलते, त्याच्या धंद्याचं ठाणं साइटवर असूच शकत नाही, असं कोर्टाने म्हटलं. थापी, ओळंबा आणि बाकीची हत्यारं तो घरी ठेवतो. हिशेबाची वही घरी लिहितो. काम ठरवायला कॉन्ट्रॅक्टर त्याच्या घरी येतो. म्हणून ठाणं घरीच. तिथून निघालेला प्रत्येक मैल धंद्याचा.

हा निकाल नीट पाहा. वकिलाच्या घरी पुस्तकं होती, अभ्यासिका होती, तरी तो हरला. गवंड्याच्या घरी हत्यारं आणि एक वही होती, तो जिंकला. कारण कोर्टाने विचारलेला प्रश्न 'घरी काम करतोस का?' असा नव्हता. 'तुझ्या धंद्याला दुसरीकडे कायमची जागा आहे का?' असा होता. वकिलाला होती, गवंड्याला नव्हती.

आणि रक्कम छोटी असली तरी ती कुणाच्या खिशातली होती ते महत्त्वाचं आहे. ज्याच्याकडे पक्की जागा नाही, जो काम असेल तिथे जातो, त्याच्याच कमाईचा मोठा वाटा रस्त्यावर सांडतो. याच वर्षी, १९७१ मध्ये, ब्रिटनने बांधकामातल्या पेटी कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या पैशांतून आधीच कर कापून घ्यायची पद्धत कायद्यात आणली. रोखीने पैसे घेऊन कर न भरणारे फार झाले होते. आजही तिथे नोंदणी केलेल्या उपकंत्राटदाराच्या मजुरीतून २० टक्के सरळ कापले जातात, नोंदणी नसेल तर ३० टक्के. कापताना कुणी विचारत नाही की आज किती मैल गाडी चालवलीस. तो हिशेब वर्षअखेरीस. ज्याने मैलांची वही ठेवली त्याला पैसे परत मिळतात. ज्याने नाही ठेवली, त्याचे सरकारजमा.

रेष कुठे ओढायची

गवंडी जिंकला म्हटल्यावर इतरांनाही आशा वाटली. त्यांचं काय झालं ते थोडक्यात.

एक दाताचा डॉक्टर. घरून दवाखान्यात जाताना वाटेत लॅबमध्ये थांबायचा, कवळ्यांचं काम द्यायचा-घ्यायचा. म्हणाला, लॅबपासून पुढचा प्रवास तरी धंद्याचा धरा. १९७८ मध्ये कोर्ट म्हणालं, नाही. वाटेत काम उरकलंत म्हणून वाट बदलत नाही. तुम्ही दवाखान्यातच चालला होतात.

एक सुतार, हाही पेटी कॉन्ट्रॅक्टवाला. घरी जेवला तर १० पेन्स, साइटवर असला की बाहेर ४० पेन्स. वरचे ३० पेन्स त्याने खर्चात दाखवले. १९७५ चा निकाल: माणूस जगण्यासाठी जेवतो. सुतारकामासाठी 'केवळ' जेवत नाही. नामंजूर. गाडी धंद्याची होऊ शकते, पोट नाही.

एक दूधवाला. कंपनीच्या डेपोतून दूध घेऊन ठरलेल्या गल्ल्यांत वाटायचा. नोकर नव्हे, स्वतंत्र धंदेवाला. हिशेब घरी लिहायचा, म्हणून म्हणाला माझं ठाणं घरी. २००४ मध्ये हाही हरला. डेपो आणि त्याची वाटपाची हद्द रोज तीच होती. तो फिरत होता खरा, पण ठरलेल्या जागीच.

आणि एक मोठे डॉक्टर. सरकारी इस्पितळात नोकरी, शिवाय खासगी इस्पितळांत स्वतःची प्रॅक्टिस आणि तिचं ऑफिस घरी. घरून खासगी इस्पितळात जाण्याचा खर्च त्यांनी मागितला. २०१४ मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने उत्तर दिलं: घरी ऑफिस आहे हे मान्य. पण त्या इस्पितळात तुम्ही नेमाने, ठरल्या वेळी जाता, तेव्हा तीही तुमच्या धंद्याची जागाच. घर ते तिथला प्रवास वजा होणार नाही.

सगळे निकाल शेजारी-शेजारी ठेवले की रेष दिसायला लागते. कोर्टाने गाडी पाहिली नाही, अंतर पाहिलं नाही, हुद्दाही पाहिला नाही. नेम पाहिला. नेमाने एकाच ठिकाणी जाता, तर ते कामावर जाणं. आज इथे, उद्या तिथे, तर ते कामच.

४५ पेन्स

प्रवास धंद्याचा आहे हे ठरलं, तरी त्याचा खर्च मोजायचा कसा? गाडी तीच, तिच्यातून साइटवरही जायचं आणि सासूरवाडीलाही. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, गाडीची झीज, प्रत्येक पावती जपायची आणि धंद्याच्या प्रमाणात वाटून घ्यायची. एकट्या माणसाला हे जड जातं.

म्हणून दुसरा मार्ग आला, मैलामागे ठरीव दर. पावत्या नकोत, मैल सांगा. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये मोटारीचा दर पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स आणि त्यापुढे २५ पेन्स असा झाला. २०१३-१४ पासून स्वतःचा धंदा करणाऱ्यांना तो घ्यायची सोय कायद्यातच आली. मोटारसायकलला २४ पेन्स.

हिशेब करून पाहू. एखाद्याने वर्षात धंद्यासाठी १२,००० मैल गाडी चालवली. पहिल्या १०,००० चे ४,५०० पौंड, उरलेल्या २,००० चे ५००. एकूण ५,००० पौंड नफ्यातून वजा. इथे बरेच जण फसतात. ५,००० पौंड हातात येत नाहीत, तेवढ्या रकमेवर कर लागत नाही. २० टक्क्यांच्या गटात असाल तर १,००० पौंड वाचले. पार्किंग आणि टोल वेगळे लावता येतात. पार्किंगचा दंड नाही. आणि एका गाडीला एकदा मैलाचा दर घेतला की ती गाडी असेपर्यंत तोच, मध्येच पावत्यांवर उडी मारता येत नाही.

ठरीव दराचा एक तोटाही आहे. पेट्रोल, विमा, गॅरेज सगळं महागत गेलं, आणि दशक उलटून गेलं तरी ४५ पेन्स तिथेच राहिले. घोडा कायद्यात दीडशे वर्षं राहिला त्याचं हसू येतं. आकडा कायद्यात अडकून बसतो त्याचं येत नाही, कारण तो रोज खिशाला लागतो.

पावत्या नकोत म्हटलं तरी वही हवीच. तारीख, कुठून, कुठे, कशासाठी, किती मैल. या वहीवरून अमेरिकेत एक मजेदार खटला झाला होता. जॉर्ज कोहान हे ब्रॉडवेचे मोठे नट आणि निर्माते. प्रवास आणि पाहुणचार यांवर हात सैल सोडून खर्च करायचे, हिशेब एक ठेवायचे नाहीत. करखात्याने सगळाच खर्च नाकारला. १९३० मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड म्हणाले, काहीतरी खर्च तर झालाच आहे, तेव्हा शून्य धरणं बरोबर नाही. अंदाज करा, मात्र चूक त्यांची असल्यामुळे हात आखडून करा. पुढे तीस वर्षं अनेकांनी या अंदाजाचा आधार घेतला. मग १९६२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने प्रवास आणि मेजवान्यांच्या खर्चासाठी तो बंद केला. नोंद दाखवा, नाहीतर विसरा.

आपल्याकडे

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारची तिजोरी रिकामी झाली. ती भरायला जेम्स विल्सन यांना कलकत्त्याला पाठवलं. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारे ते हेच. त्यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात इन्कम टॅक्स आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यातच त्यांचा मृत्यू झाला. कर राहिला. पुढे १९२२ चा कायदा आला, मग स्वतंत्र भारताचा १९६१ चा. त्याच्या कलम ३७(१) मध्ये धंद्याच्या खर्चासाठी 'संपूर्णपणे आणि केवळ' ही इंग्रज फूटपट्टी शब्दशः आली. घोडा मात्र तिकडेच राहिला.

मैलाचा किंवा किलोमीटरचा ठरीव दर आपल्या धंदेवाल्यांना त्या कायद्याने दिला नाही. दिल्या त्या दोन वाटा. एक, खरा खर्च दाखवा: पेट्रोल, दुरुस्ती, विमा, गाडीचा घसारा, आणि घरच्या वापराचा वाटा त्यातून काढून टाका. दुसरी, कलम ४४एडीसारखी अंदाजी वाट: छोट्या धंद्याने उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेतून किंवा ऑनलाइन आले असतील तर ६ टक्के, एवढा नफा धरून कर भरायचा. मग पेट्रोल वेगळं मागायचं नाही. ते उरलेल्या टक्क्यांत आलंच असं समजायचं.

दुसरी वाट सुटसुटीत आहे, कारण वही लागत नाही. पण तिच्यात एक गोष्ट दिसेनाशी होते. दुकानात बसून विकणारा आणि रोज ८० किलोमीटर स्कूटर हाणणारा, दोघांनाही तोच टक्का. गवंड्याने कोर्टात जाऊन जो फरक मान्य करून घेतला, तो इथे पुसला जातो. ज्याचा खरा नफा ८ टक्क्यांपेक्षा बराच जास्त आहे त्याचं यात भलं होतं. ज्याचा कमी आहे, त्याच्या हातात स्वतःची वही असल्याशिवाय ते कळतच नाही.

त्या फोननंतर मी दाजींना ईस्टबोर्नच्या गवंड्याची गोष्ट सांगितली. त्यांना घोडा आवडला, वकील हरला ते जास्त आवडलं. मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी घरातून बाहेर पडलो की कामावर जात नाही, कामातच असतो." इंग्रज कोर्टाच्या हिशेबाने तरी, हो. इथे काय धरायचं ते सीए सांगतील. पण विचारायला हातात काहीतरी हवं.

आता स्कूटरच्या डिकीत ड्रिलच्या खाली एक पाठकोरी वही असते. तारीख, कुठून, कुठे, कुणाचं काम, निघतानाचा आणि पोचल्यावरचा आकडा. पहिल्या महिन्याची बेरीज ताईने केली. १,९०० किलोमीटरच्या थोडी वर. दाजी तो आकडा बराच वेळ बघत बसले. इतकी वर्षं हे सगळं अंतर त्यांनी कापलं होतं, कुणी मोजलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा.

एका रविवारच्या ओळीत सिंहगड लिहिलं आहे. पुढे कंसात, ताईच्या अक्षरात: घरचं.